ओव्हनशिवाय चॉकलेट पाय: कापताना तळाचा भुगा होतो

गोडघाशी: ओव्हन नाही, म्हणून बिस्किटांचा तळ करून त्यावर चॉकलेट-क्रीम ओतते. वरचं झकास जमतं, पण सुरी लावली की तळाचा भुगा! २०० ग्रॅम डायजेस्टिव्हला ५० ग्रॅम बटर घेतेय. वाढवू का? आणि डार्कऐवजी मिल्क चॉकलेट चालेल? घरात कडू कुणी तोंडात धरत नाही.

रिकामाडबा: बटर कमी पडतंय. २०० ग्रॅमला ९०-१०० तरी हवं, वितळवलेलं. चुरा मुठीत दाबला की गोळा टिकला पाहिजे. मग सपाट बुडाच्या वाटीने दाबून बसव, कडेच्या कोपऱ्यात जरा जास्तच. अर्धा तास फ्रीजमध्ये, मगच सारण.

कोकोप्रेमी: मिल्क चालेल, पण प्रमाण बदला. डार्क क्रीमच्या बरोबरीने घेतलं तरी सेट होतं. मिल्कमध्ये कोको कमी, म्हणून क्रीमच्या दुप्पट चॉकलेट घ्या, नाहीतर चमच्याने खावं लागेल (तेही वाईट नाही म्हणा). चिमूटभर मीठ विसरू नका.

गोडघाशी: सुरी गरम करून कापायची ना?

रिकामाडबा: हो, गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून. दर कापाला पुन्हा तेच.