मॉडेल विमानाच्या पंखावर फिल्म चढवतोय, सुरकुत्या आणि पीळ दोन्ही आलेत, मदत करा

हौशी_बाल्सा: नमस्कार मंडळी. दीड मीटर स्पॅनचा (पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत) ट्रेनर, म्हणजे उडवायला शिकायचं मॉडेल विमान, बांधलाय, सगळा बाल्साच्या हलक्या लाकडाचा. आता ओराकव्हर (इस्त्रीने चिकटणारी आणि आवळणारी प्लास्टिक फिल्म) लावतोय, आयुष्यात पहिल्यांदा. रात्री पंख ढोलकीसारखा ताणलेला होता आणि सकाळी बघतो तर तीन खणांत (फासळ्यांमधल्या मोकळ्या जागांत) परत सुरकुत्या. त्यात टेबलावर ठेवला की टोकाकडे मागची कड एका बाजूला उचलली जातेय. घरचीच इस्त्री वापरतोय (घरी अजून कळलेलं नाही). वेगळी इस्त्री घ्यावीच लागेल का, की हीट गन (गरम हवेची बंदूक) घेऊ? कडा कापताना ब्लेड फिल्म ओढतं ते वेगळंच.

खण_मोजणारा: छोटी कव्हरिंगची इस्त्री घ्याच. कपड्यांची इस्त्री मध्येच बंद मध्येच चालू होते, त्यात तापमान बरंच खालीवर होतं. ओराकव्हर साधारण १०० अंशांना चिकटते आणि १५० च्या आसपास आवळते, या दोनातलं अंतर कळलं की निम्मं काम झालं. आधी कमी तापमानाला चारी कडा पक्क्या चिकटवा, खालची बाजू पहिली, मग वरची, आणि दोन्ही लागल्यावरच आवळायला घ्या. तुम्ही बहुतेक आवळताना कडेवरूनच इस्त्री फिरवली, तिथला गोंद परत मऊ झाला आणि फिल्म सरकली. तापमान बघायला ती लेझरवाली थर्मामीटर गन नको, चकचकीत धातूवर खोटं सांगते, मल्टिमीटरचा तापमान मोजायचा प्रोब इस्त्रीवर चढवलेल्या कापडी मोज्याखाली धरा.

पंखमोड्या: पीळ काढणं सोपं आहे हो. एकाने पंख उलट्या बाजूला थोडा जास्तच पिळून धरायचा, दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी गरम करायचं आणि गार होईस्तोवर सोडायचं नाही. पण आधी नीट बघा, टोकाला मागची कड जराशी वर असेल आणि दोन्ही पंखांना सारखीच असेल तर काढूच नका, तो वॉशआउट आहे, म्हणजे टोकाला मुद्दाम ठेवलेला पीळ, ट्रेनरला तो चांगलाच, हळू उडताना टोक आधी पडत नाही.
आणि एक, बाल्साच्या शीटवर फिल्म ठेवून वरून ब्लेड चालवू नका!! मी स्पारवरच्या (पंखाच्या मुख्य दांड्यावरच्या) शीटवर रंगांचा जोड असाच कापला होता, दिसत काही नव्हतं, पण पहिल्याच लूपमध्ये पंख बरोब्बर त्या रेषेवर मिटला. पट्टी आधी काचेवर कापा, ५-६ मिमी ओव्हरलॅप ठेवा.

हौशी_बाल्सा: बापरे, मी नेमकं तेच करणार होतो.

खण_मोजणारा: ब्लेडचं म्हणाल तर ११ नंबरचं सर्जिकल, मेडिकलच्या दुकानात मिळतं. आडवं धरायचं आणि दर पाच-सहा कापांनी बदलायचं, चिंगूसपणा केलात की दातरी कड आलीच. गडद रंग फिकटावर चढवा, उलट केलंत तर खालचा वर दिसतो.

टेक्सासवाला_दादा: इकडे अमेरिकेत हीच फिल्म अल्ट्राकोट नावाने विकतात. रंगीत पट्ट्यांना इस्त्री न लावता मी काच पुसायचं लिक्विड फवारतो, पट्टी सरकवून जागेवर आणतो, जुन्या एटीएम कार्डाने पाणी काढतो, रात्रभर ठेवतो. सकाळी फक्त कडांना मंद इस्त्री. फुगा एकही येत नाही.

पंखमोड्या: हीट गनवरून भांडण होईल पण मला ती खणांपुरतीच बरी वाटते, शीटवर इस्त्रीच. आणि पुण्यात या पावसाळी हवेत बाल्सा ओलं असतं, ऑक्टोबरमध्ये सुकलं की फिल्म पुन्हा सैल पडणार, तेव्हा घाबरू नका, एक हात परत फिरवा.

हौशी_बाल्सा: अपडेट. प्रोब लावून बघितलं, माझी इस्त्री 'कॉटन'ला १९० दाखवतेय 🙈 कमी करून कडा परत लावल्या, दोन दिवस झाले एकही सुरकुती नाही. पीळ बायकोने धरून दिला, त्यामुळे इस्त्रीचंही कळलंच. नवीन मागवलीय, घरच्यासाठी.