अनुभव धागा: कोणत्या पानावर फसलात?

(मंगळवार पेठेतून)

परवा रात्री पावणेदोनला एक कादंबरी संपवली आणि तशीच उलटी करून पहिलं पान काढलं. तीनशे पानं जिच्या बोलण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, त्या बाईनं मला पद्धतशीर गुंडाळलं होतं. थाप म्हणावी तर एकही नाही. सगळं खरंच सांगितलं होतं, फक्त एका दुपारी ती कुठं होती तेवढं गाळलं होतं. बाहेर पाऊस धो धो, पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पुराच्या ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं निघालेली. घरातल्यांचं लक्ष त्या आकड्याकडं आणि माझं हिच्या दुपारीकडं.

म्हणून हा धागा. १८५० पासून वाचनालय असलेलं गाव आपलं कोल्हापूर, फसलेले वाचकही कमी नसणार. कुठं बसून वाचलं, शेजारी कोण होतं, कुठल्या पानावर फसलात ते लिहा. नुसतं 'लई भारी पुस्तक' लिहून पळायचं नाही. अट एकच: नाव सांगितलं तर शेवट सांगायचा नाही, शेवट सांगितला तर नाव नाही. अगाथा ख्रिस्तीनं १९२६ साली एका कादंबरीत जे केलं त्यावर वाचक अजून भांडतात, पण इथं तीही झाकली मूठच.

(शाहूपुरीतून)

२०१९ चा ऑगस्ट. व्हीनस कॉर्नरच्या मागं आमचं घर. खालचा मजला पाण्यात, वरच्या दोन खोल्यांत सात माणसं. वीज गेलेली, मोबाइल मेलेले. वाचायला एकच गोष्ट, चुलतभावानं एसटी स्टँडवर घेतलेली जाडजूड थरारकथा. पहिल्या दिवशी नुसती ओढाओढ. दुसऱ्या दिवशी काकूंनी पुस्तक मागून घेतलं, विळीवर उभं धरलं आणि पाठीतून चार तुकडे केले. आपला तुकडा झाला की पुढच्याला द्यायचा. आजोबांच्या हाती आधी तिसराच तुकडा आला. खुनी कोण ते त्यांना कळलं होतं, खून कुणाचा झालाय ते दोन दिवस कळेना. सारखे विचारायचे, "अरे, पण मेलंय कोण?"

बोट आली तेव्हा मी चौथ्या तुकड्यात होतो. तो शर्टाच्या आत घालून बसलो आणि निवाऱ्याच्या शाळेत, पहिलीच्या बाकावर गुडघे दुमडून शेवट वाचला. नवऱ्यानंच केलं होतं. धक्का काही बसला नाही. कोंडलेल्या सात माणसांत तोवर आमच्याच घरातलं इतकं बाहेर पडलं होतं (शेतीच्या वाटणीचा विषय, दुसरं काय), की पुस्तकातलं कुटुंब त्यापुढं सोज्वळ वाटलं.

(राजारामपुरीतून, हॉस्टेलवरनं)

परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला घेतलो, तिथंच चुकलं. सव्वादोनशे पानांपर्यंत माझा सगळा संशय डॉक्टरवर. पांघरुणात मोबाइलचा उजेड करून वाचालो होतो. कपाटाचं दार आपोआप उघडतंय त्याच ओळीला रेक्टरबाईंनी खोलीचं दार ढकललं. मी असा वरडलो की अख्खा मजला जागा झाला. पुस्तक जप्त. सकाळी पेपरात तिसऱ्या प्रश्नाला त्या डॉक्टरचं नाव लिहून आलो. शेवट आठ दिवसांनी कळला. डॉक्टर बिचारा देवमाणूस निघाला.

(फुलेवाडीतून)

भावा, नाद खुळा! मार्क किती पडले ते पण सांग की.

(गंगावेशीतून)

माझी तक्रार लेखकाबद्दल नाही, आधीच्या वाचकाबद्दल आहे. वाचनालयातलं पुस्तक (वाचनालय कुठलं ते सोडा), पान ६२, समासात पेन्सिलीनं: 'हाच खुनी.' खाली दोन रेघा. मनातल्या मनात त्या माणसाचा उद्धार केला, पण पुस्तक टाकवेना. पुढची दीडशे पानं त्या एका पात्रावर नजर ठेवून वाचली. तो चहा प्यायला तरी मला विष दिसायचं. पान २१४ वर त्याचाच मुडदा पडला. समासात तीच पेन्सिल, तेच अक्षर: 'माफ करा.'

पेन्सिलवाल्यानं जे केलं ते लेखकाला जमलं नाही. खरा शेवट मला आता आठवतसुद्धा नाही.

(ताराबाई पार्कातून)

मी मानसशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. दोन गोष्टी सांगते, एक कौतुकाची, एक रागाची. 'मला तर चांगलं आठवतंय' म्हणणारा साक्षीदार चांगल्या लेखकाच्या हातात असला की मला फार आवडतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि वेग किती होता ते विचारलं. प्रश्नात 'आदळल्या' असा जोरकस शब्द वापरला तर सरासरी उत्तर ताशी ४०.५ मैल, 'स्पर्श झाला' म्हटलं तर ३१.८. फिल्म तीच. आठवडाभरानं विचारल्यावर, 'आदळल्या' ऐकलेल्यांपैकी बऱ्याच जणांना फुटलेली काचही आठवली. काच फुटलीच नव्हती! कादंबरीत खोटं न बोलता चुकीचं सांगणारं पात्र असं तयार होतं.

राग याचा, की शेवटी काही सुचलं नाही की लेखक मनोरुग्णाला पुढं करतात. त्यातही स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसं, हे अजून छापलं जातं. ते साफ चूक आहे, दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व हा वेगळा विकार. माझ्या एका विद्यार्थिनीच्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. अशी एक कादंबरी वर्गात हातोहात फिरत होती तेव्हा ती कुठं बघत होती, ते मी पाहिलंय. असला शेवट आला की मी पुस्तक मिटते, मग कितीही वळणं असोत.

(कसबा बावड्यातून)

शिव्या घाला, पण मी शेवटचं पान आधी वाचतो. बायको म्हणते हे समोर धार काढून दूध देणाऱ्या दूध कट्ट्यावर जाऊन मोकळा पेला तोंडाला लावण्यासारखं आहे. मला खुनी माहीत असला की तो प्रत्येक प्रसंगात कसा सटकतोय ते बघायला मजा येते. कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी २०११ साली लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडल्या, अनपेक्षित शेवटाच्यासुद्धा. बायकोला हे वाचून दाखवलं. तिनं माझ्या पुढच्या पुस्तकाचं शेवटचं पान कात्रीनं कापून तांदळाच्या डब्यात ठेवलं.

(नागाळा पार्कातून)

मी अनुवाद करते. गेल्या वर्षी एक इंग्रजी थरारकथा हातात आली. निवेदक पुरुष समजून वाचत जावं आणि अडीचशेव्या पानावर ती बाई निघावी, असा सगळा डाव. इंग्रजीतल्या 'आय'ला लिंग नाही, तो बिनधास्त हिंडतो. मराठीत 'मी जिना उतरलो' की 'उतरले'? पहिल्याच ओळीत पोल खुलली!

मग युक्त्या काढल्या. 'मी दार उघडलं', 'मी त्याला पाहिलं', इथं क्रियापद कर्त्याकडं बघत नाही, सुटलो. 'मला झोप लागली', चालतं. 'मी जाईन', तेही चालतं. पण माणूस अडीचशे पानं नुसती दारं उघडून आणि झोपा काढून काय करणार? त्याला कधीतरी यावं लागतं, बसावं लागतं, घाबरावं लागतं. 'बसलो' लिहिलं तर मी वाचकाशी खोटं बोलले, 'बसले' लिहिलं तर पुस्तक संपलं. चार महिने झगडून काम परत केलं.

(राजारामपुरीतून, हॉस्टेलवरनं)

ताई, परत कशाला केलासा? तिला कोल्हापूरची करायची की. आमी सगळ्या 'आलो, गेलो, बसलो'च म्हणतो, त्यात खोटं काय?

आणि फुलेवाडीचे भाऊ, मार्क एकोणचाळीस. मी मुलगी हाय.

(फुलेवाडीतून)

वर जाऊन परत वाचलं. 'रेक्टरबाई' लिहिलंय की सरळ सरळ.