मदत हवी आहे: लिलावात जिंकलेली इशापूर रायफल विक्रेता घरी पाठवायला तयार नाही

जुनाबार
गेल्या रविवारी ऑनलाइन लिलावात बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली एन्फील्ड रायफल मला मिळाली. तिच्यावर १९६७ साल कोरलेले आहे. माझ्याकडे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा जुन्या हत्यारांच्या संग्राहकाचा परवाना, म्हणजे ०३ एफएफएल, आहे आणि त्याची सही केलेली प्रत मी त्याच रात्री विक्रेत्याला पाठवली. तरीही तो ०१ परवान्याच्या, म्हणजे बंदुका विकणाऱ्या दुकानदाराकडेच पाठवीन म्हणतो. पन्नास वर्षांहून जुने संग्राह्य हत्यार परराज्यातून थेट घरी मागवता येते, हे त्याला तीनदा लिहून झाले. पैसे भरण्याची मुदत शुक्रवारी संपते. त्याला कसे पटवावे, एवढेच सांगावे.

तोडेवाला
आपण कोणत्या राज्यात आहात, ते लिहिलेले नाही. काही राज्यांचे नियम केंद्राच्या कायद्याहून कडक आहेत. शिवाय लिलावाच्या पानावर ०१ ची अट आधीपासून असेल, तर बोली लावतानाच आपण ती मान्य केलीत. कायदा त्याला ०३ कडे पाठवण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही.

पिट्सबर्गकर
मी बारा वर्षे सगळी खरेदी गावातल्या दुकानदारामार्फत करतो. तो वीस-तीस डॉलर घेतो, बंदूक खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा सरकारी अर्ज भरून तपासणी झाली की रायफल हातात पडते. संग्राहकाचा परवाना म्हणजे पैसे भरून नोंदवहीचा ससेमिरा मागे लावून घेणे.

तोडेवाला
तीन वर्षांचे शुल्क तीस डॉलर आहे, ते एका खरेदीत वसूल होते. नोंदवहीत हत्यार कधी, कोणाकडून आले आणि कोणाकडे गेले एवढेच लिहायचे असते. वाण्याच्या खातेवहीला आपण ससेमिरा म्हणत नाही.

नवाआलेला
तुम्ही एच-वन-बी व्हिसावर आहात का? तसे असेल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता बंदूक बाळगणेच बेकायदा आहे.

जुनाबार
माझ्याकडे ग्रीनकार्ड आहे आणि मी पेनसिल्व्हेनियात राहतो. हे विचारण्याचे कारण समजले नाही. परवाना मिळाला तेव्हाच हे सगळे तपासून झाले आहे. पानावरची अट मी नीट वाचलेली नाही.

वाड्यातला
ही रायफल नंतर भारतात आणता येईल का? आमच्या साताऱ्याच्या वाड्यात आजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर आहे, तिच्याशेजारी शोभेल.

तोडेवाला
तो विचार सोडावा. भारतात .३०३ सुद्धा निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे नागरिकांना मनाई असलेल्या नळीच्या मापात मोडते, म्हणून तिथे नागरिकांसाठी .३१५ ची रायफल विकली जाते. कृपया यासाठी वेगळा धागा काढावा.

मोहोर
मूळ प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही. दस्ता जिथे धातूला मिळतो, तिथे 'आर.एफ.आय. १९६७' (रायफल फॅक्टरी इशापूर) अशी मोहोर असेल, हे मान्य. पण नळी किती लांब आहे, आणि तोंडाशी गोळीची झळाळी झाकणारा शंकूसारखा फ्लॅश हायडर आहे का?

जुनाबार
हो, हायडर आहे. नळी आखूड आहे, म्हणजे एन्फील्डचा आखूड प्रकार, जंगल कार्बाइनच आहे ती. गोळ्यांचे मॅगझीन पेटीसारखे चौकोनी आहे.

मोहोर
मग अडचण तिथेच आहे. खरी जंगल कार्बाइन .३०३ ची असून ती १९४४ ते १९४७ या काळात ब्रिटनमध्ये बनली. चौकोनी मॅगझीन आणि साठच्या दशकातली मोहोर म्हणजे ही ७.६२ मिलिमीटरची इशापूरची २ए१ नावाची रायफल आहे, आणि तिची नळी मुळात सुमारे पंचवीस इंचांची असते. अमेरिकेतील आयातदारांनी अशा बऱ्याच रायफली कापून, हायडर बसवून 'जंगल कार्बाइन' म्हणून विकल्या. नुसती पन्नास वर्षे भरून भागत नाही, हत्यार मूळ स्वरूपात असावे लागते. त्यामुळे ०३ परवान्यावर ही घेता येणार नाही. विक्रेता बरोबर आहे.

पिट्सबर्गकर
दुकानदार, असे मी आधीच म्हणालो होतो.

तोडेवाला
म्हणाला होतात, पण कारण वेगळे दिले होते.

जुनाबार
पान पुन्हा उघडले. तळाशी बारीक अक्षरात 'आयातदाराने आखूड केलेली' असे लिहिले आहे. मी फोटोतली मोहोरच मोठी करून पाहत बसलो होतो. पैसे आज भरले आणि गावातल्या दुकानदाराच्या परवान्याची प्रत विक्रेत्याला पाठवली. आता ही माझ्या नोंदवहीत चढवायची का?

मोहोर
नाही. त्या वहीत फक्त संग्राह्य हत्यारे लिहावीत. ही ४४७३ वर आलेली तुमची साधी खाजगी रायफल आहे.