जुनी इटालियन स्पोर्ट बाईक घ्यायची आहे : गुत्सी, डुकाटी की लावेर्दा? सल्ला हवा

रंकाळा | बोलोन्या

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त बोलोन्यात आहे. गाडी शिकलो ती वडिलांच्या जुन्या बुलेटवर, उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेक असलेल्या. तिचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मी बारावीत असल्यापासून सेट करतोय, कार्बोरेटरही खोलून साफ करतो. इंजिन अख्खं उतरवून जोडण्याइतका हात बसलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इमोलाच्या रेस ट्रॅकवर सप्टेंबरात जुन्या गाड्यांचा आणि स्पेअर पार्टचा मोठा बाजार भरतो. इकडे त्याला 'मोस्त्रा स्काम्बियो' म्हणतात. गेल्या वर्षी तिथे एका आजोबांनी त्यांची लाल मोटो गुत्सी ८५० ल माँ सुरू केली. उभ्या गाडीवर त्यांनी थ्रॉटल दिला तशी सगळी गाडी उजव्या अंगाला कलली, सोडल्यावर पुन्हा सरळ झाली. मी पाऊण तास तिथून हललो नाही. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

बजेट १२ हजार युरो. रविवारी पहाटे निघायचं, फुता आणि रातिकोसाचे घाट करून जेवायला घरी, एवढाच वापर. कधीमधी बायको मागे बसेल. मनात तीन नावं आहेत: ल माँ, बेव्हलवाली डुकाटी ९०० एसएस आणि लावेर्दा ७५०. शोभेला ठेवायची नाही, चालवायची आहे. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाटमाथा | लेक्को

रंकाळा, मी अकरा वर्षं ल माँ ३ चालवतोय आणि गुत्सीचा कारखाना जिथे १९२१ पासून आहे त्या मांडेल्लोच्या शेजारी राहतो. तेव्हा माझं माप गुत्सीकडे झुकलेलं आहे, हे धरून वाचा.

सरळ सांगतो, १९८१ पासूनची ल माँ ३ बघा. तुम्ही पाहिली ती बहुतेक पहिली, १९७६ ची. ती सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे चांगली गाडी तुमच्या बजेटात बसणं अवघड. दोन्हींचं इंजिन ८४४ सीसीचं. फ्रेमही तीच, लिनो तोंतींनी १९७१ च्या व्ही७ स्पोर्टसाठी आखलेली. मोठा फरक सिलिंडरच्या आत आहे. आधीच्या गाड्यांत आतून हार्ड क्रोमचा थर असायचा. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते क्रोम पापुद्र्यासारखं सुटतं आणि ऑइलबरोबर इंजिनभर फिरतं. ल माँ ३ ला निकेलचा वेगळा थर आला, तो टिकतो. पहिलीच घ्यायची असेल तर मालकाला सर्वांत आधी विचारा, सिलिंडर बदललेत का? मांडेल्लोतच बनणारे जिलार्दोनीचे सिलिंडर बसवलेले असतील तर निम्मी काळजी मिटली.

आणि ही गाडी स्वतःच्या हाताने सांभाळता येते, मला तिचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं. दोन्ही सिलिंडर बाहेर वाऱ्यावर आलेले. टाकी उतरवायची गरज नाही, शेजारी स्टूल टाकून बसायचं, हेडचं झाकण काढायचं, टॅपेट समोर. बुलेटला आपण पुशरॉड बोटांनी फिरवून अंदाज घेतो, इथे फीलर गेज लागेल. चेन नाही, शाफ्ट आहे. ऑइल फिल्टर मात्र संपच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, आत असल्यामुळे संप खोलावा लागतो, त्याची वेगळी गॅस्केट घरात ठेवा. पुढेमागे इंजिन काढायची वेळ आलीच तर फ्रेमच्या खालच्या नळ्या बोल्टवर सुटतात. मी दर मार्चमध्ये एक शनिवार या कामाला देतो. दुपारी दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळतात आणि आयडलिंग एका लयीत लागतं, त्या क्षणाची मी वर्षभर वाट पाहतो.

आता चालवण्याचं. क्लच जड आहे, थ्रॉटलच्या स्प्रिंगाही जड. पहिल्या महिन्यात डावं मनगट दुखेल. पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढच्या दोनांपैकी एक, अशा दोन्ही एकदम लागतात. हाताचा लिव्हर फक्त पुढच्या दुसऱ्या डिस्कचा. आपल्याला हाताच्या ब्रेकची सवय, त्यामुळे सुरुवातीला मन तयार होत नाही. पण ओल्या रस्त्यावर एकदा पायावर भरवसा टाकून बघा, गाडी नाक न खुपसता सपाट बसते.

वळणात तिला घाई खपत नाही. वळण यायच्या आधी गिअर पाडायचा, नजर वळणाच्या टोकाला लावायची आणि मग गाडी कलवायची. एकदा कलली की रुळावर असल्यासारखी जाते. मध्येच थ्रॉटल सोडू नका, शाफ्टमुळे मागची बाजू खाली बसते. हलका थ्रॉटल धरून ठेवलात तर फुतासारख्या लांब वळणांच्या घाटात तुम्ही गाडीवर बसलेले नसता, तिच्यात बसलेले असता. पाचव्या गिअरला चार हजारांवर मागून येणारा तो भरदार आवाज आणि गुडघ्यांजवळ डेलऑर्टो कार्बोरेटर हवा ओढतात त्याचा घोगरा सूर, दोन्ही एकत्र ऐकायचे तर इथल्या कोमो सरोवराच्या पूर्वेकडच्या बोगद्यांत यावं. थंडीत सिलिंडरची ऊब नडग्यांना लागते. अकरा वर्षांत त्या उबेचा मला कधी कंटाळा आला नाही.

शेवटचं. गाडी बघायला जाण्याआधी मालकाला फोनवर सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बोलण्याआधी सिलिंडरला हात लावा. गार इंजिन कसं सुरू होतं त्यावरून जेवढं कळतं तेवढं तासभर फेरी मारूनही कळत नाही.

भीमथडी | म्युनिक

माझ्याकडे १९७७ ची ९०० एसएस आहे आणि तरीही तुम्हाला ती घेऊ नका असंच सांगेन. चांगली ९०० एसएस तुमच्या बजेटच्या बरीच वर आहे, आणि बजेटात मिळेल ती गाडी नसेल, कोणीतरी अर्धवट सोडलेलं काम असेल.

पण त्या गाडीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. फाबिओ तालिओनी १९५४ ला डुकाटीत आले. व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगऐवजी दुसरा रॉकर, ही त्यांची डेस्मो पद्धत. प्रत्येक सिलिंडरच्या बाजूने एक उभा दांडा वर जातो, त्याच्या दोन्ही टोकांना बेव्हल गिअर, तो कॅम फिरवतो. १९७२ च्या एप्रिलमध्ये इमोलाच्या २०० मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रूनो स्पाज्जारी दुसरा आला, ते ७५० सीसीच्या अशाच इंजिनावर. त्यातूनच १९७४ ची हिरव्या फ्रेमची ७५० एसएस आली. तुम्ही त्या बाजारात ज्या ट्रॅकवर उभे होता, तोच हा ट्रॅक! आयडलिंगला त्या गिअरांची जी बारीक घरघर ऐकू येते, ती ऐकायला मी हेल्मेट न घालता दोन मिनिटं उभा राहतो. सेल्फ नाही, किकच. पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे सर्वांत वरच्या टोकाच्या, जरा पुढे आणून पूर्ण वजनाने एक किक मारायची. बुलेटवाल्याला हे शिकवावं लागणार नाही.

अडचण ही की डेस्मोचं टॅपेट सेटिंग म्हणजे शिम (ठरावीक जाडीचे छोटे तुकडे) बदलणं, उघडणाऱ्या रॉकरचा वेगळा, बंद करणाऱ्याचा वेगळा. क्रँक प्रेस करून जोडलेला, रोलर बेअरिंगवर. ते काम येणारे मेकॅनिक मोजके आणि त्यांच्याकडे रांग. मला ती वाट बघणं चालतं, कारण माझ्याकडे रोजची दुसरी गाडी आहे. डुकाटीच हवी असेल तर १९८० च्या आसपासची पांताह बघा. तालिओनींचंच इंजिन, पण कॅम बेल्टवर. घेतल्या घेतल्या बेल्ट बदला, जुन्या मालकाने "परवाच बदललेत" असं शपथेवर सांगितलं तरी.

गोदाकाठ | पादोवा

कोणी मोरीनीचं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते. मोटो मोरीनी साडेतीन, ३४४ सीसी, तुमच्या बोलोन्यातच बनलेली. ७२ अंशांचं व्ही ट्विन, म्हणजे इंग्रजी व्हीसारखे मांडलेले दोन सिलिंडर. हेड आतून सपाट आणि ज्वलनाची जागा पिस्टनच्या माथ्यावर खोलगट. हलकी, अरुंद, आणि स्पोर्टला सहा गिअर. माझी उंची पाच फूट दोन इंच. ल माँवर बसून पाहिली, दोन्ही पाय टेकतात पण उतारावर मागे ढकलायचा धीर झाला नाही. मोरीनी मी एकटी तळघरातून वर काढते. घाटात ती सतत वर फिरवत ठेवावी लागते, दर वळणाला गिअर बदलावा लागतो आणि खरी मजा त्यातच आहे. कमी वेगातसुद्धा शर्यतीत असल्याचा आनंद मिळतो, लायसन्स सुरक्षित राहून. किंमतही ल माँच्या मानाने फारच कमी.

लावेर्दा ७५० एसएफ शेजाऱ्यांकडे आहे. एसएफ म्हणजे 'सुपर फ्रेनी', लावेर्दाने स्वतः केलेले मोठे ड्रम ब्रेक. कारखाना ब्रेगांझेला, इथून लांब नाही. घराणं शेतीच्या यंत्रांचं, आणि गाडीही तशीच भक्कम. लांब सरळ रस्त्याला तिच्यासारखी नाही. पण अपेनाइनच्या आवळ वळणांना वजन जाणवेल.

आणि वहिनींना गाडी बघायला बरोबर न्या. ल माँच्या मागच्या सीटवर अर्धा तास बसून त्यांनी हो म्हटलं तरच तो मुद्दा धरा.

नोंदवही | तोरिनो

यंत्राबद्दल वर उत्तम लिहिलंय, मी फक्त कागदांचं लिहितो. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या गाडीची नोंदणी काही वर्षांपूर्वीच रद्द झाल्याचं मला पैसे दिल्यावर कळलं होतं. ती पुन्हा रस्त्यावर आणायला दोन उन्हाळे गेले. म्हणून 'लिब्रेत्तो', म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, हातात घेऊन चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा आणि नोंदणी चालू असल्याचा उतारा आधी काढा.

गुत्सीत एक खास गोष्ट तपासा. पहिल्या ल माँचा चासी नंबर 'व्हीई'ने सुरू होतो. 'व्हीडी' दिसलं तर ती ८५० टी३ आहे, वर ल माँचे कपडे चढवलेली. टी३ ही वाईट गाडी मुळीच नाही, पायाने पुढची-मागची डिस्क एकदम लावणारा तोच जोडब्रेक तिच्यावर १९७५ ला आला. पण मग किंमत टी३ची द्या.

तीस वर्षांवरच्या गाडीला इथे 'बोल्लो', म्हणजे वार्षिक कर, माफ असतो. ती रस्त्यावर आणली तर त्या वर्षापुरती छोटी ठरावीक रक्कम भरावी लागते. मोटरसायकल फेडरेशनच्या ऐतिहासिक नोंदवहीत नाव घातलं की विमाही बराच स्वस्त पडतो.

मुळामुठा | पुणे

विकत घ्यायची ऐपत आणि जागा दोन्ही नाही, पण धागा सकाळपासून तिसऱ्यांदा वाचतोय. रंकाळा, गाडी आली की सुरू करतानाचा आवाज रेकॉर्ड करून नक्की टाका. हेडफोन लावून ऐकेन.

रंकाळा | बोलोन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण लिहिण्यासारखं घडलंय.

पहिली गाडी मोदेनाला पाहिली. नवा रंग, चकाचक क्रोम. फोनवर सांगूनही सिलिंडर गरम होता. मालक म्हणाला, जागेवरून हलवायला सुरू केली होती. चहासाठीही न थांबता परत आलो.

दुसरी फाएन्झाला. ल माँ ३, लाल रंग टाकीवर उन्हाने फिका पडलेला, ६१ हजार किलोमीटर. मालक सत्तरीचे, गाडी १९८६ पासून त्यांच्याकडे. त्यांनी एक चौकोनी वही समोर ठेवली, त्यात प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक टॅपेट तारखेनिशी. सिलिंडर बर्फासारखा गार. चोक ओढला, दुसऱ्या दमात दोन्ही सिलिंडर धरले. आयडलवर यायला तीनेक मिनिटं घेतली, तोवर ते एका हाताने थ्रॉटल धरून उभे होते आणि काही बोलत नव्हते. कमरेचं ऑपरेशन झालंय, गाडी सावरत नाही म्हणून विकतायत. बायको मागे बसून बघत होती, ती माझ्याआधी हो म्हणाली.

घेतली. पुढच्या शनिवारी आणतोय. वहीसुद्धा त्यांनी गाडीबरोबर दिली. मुळामुठा, आवाज नक्की टाकतो. घाटमाथा, आल्यावर सगळ्यात आधी काय करू?

घाटमाथा | लेक्को

फार छान झालं! वही जपून ठेवा आणि पुढची नोंद तुमच्या अक्षरात त्याच पानावर करा.

फाएन्झा ते बोलोन्या आणण्याआधी टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष असतं. जुने असतील तर गाडी टेम्पोत घालून आणा, चालवत नको. मग ब्रेकच्या रबरी नळ्या आणि ऑइल. जोडब्रेकला हवा राहिली तर पाय खोल जातो, म्हणून ब्लीडिंग सावकाश करा. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा बेव्हल बॉक्स, तिन्हींची ऑइलं वेगवेगळी, तिन्ही बदला. पेट्रोलच्या नळ्याही त्याच दिवशी. साइड स्टँडवर उभी करून लांब जाऊ नका. वजन हललं की तो स्प्रिंगने आपोआप वर जातो, मधलाच स्टँड लावा.

पहिले पाचशे किलोमीटर घराच्या आसपास काढा. सप्टेंबरात मांडेल्लोत गुत्सीवाल्यांचा मेळा असतो, सगळं गाव गाड्यांनी भरतं. तेव्हा दोघं इकडे या, मुक्कामाला माझ्याकडे. माझी आणि तुमची शेजारी लावू आणि दोन्हींचे टॅपेट एकाच सकाळी करू. पत्ता व्यनि करतो.