मदत हवी आहे: क्वार्टरबॅकचा नेम शिकवून सुधारतो का?

ऋता_न्यूजर्सी
शनिवारपर्यंत कोचला हो-नाही कळवायचंय. मुलगा शाळेच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू. हातात प्रचंड ताकद आहे, पण नेम लागत नाही. खासगी कोच म्हणतो थ्रो मुळापासून बदलू. शाळेचा कोच म्हणतो हातच लावू नका. मुलाचं एकच, ‘जॉश ॲलनपण आधी असाच होता.’ ॲलन म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगमधला बफेलोचा क्वार्टरबॅक. त्याने नेमकं केलं काय? जाणकारांनी लवकर सांगा, प्लीज.

पराग_के
मुलाचं वय? नेम चुकतो म्हणजे चेंडू कुठे जातो? डोक्यावरून, मागे की पायाशी? लांबचे पास चुकतात की जवळचे?

दादर_पश्चिम
रोज अर्धा तास भिंतीवर दोन्ही पायांनी पासिंग करायला लावा. नेम हमखास सुधारतो.

पराग_के
अहो, हा अमेरिकन फुटबॉल आहे. हाताने फेकतात.

बफेलोकर
ॲलनचा पहिला सीझन मी स्टेडियममध्ये बसून पाहिलाय. साध्या पाच यार्डांच्या पासलाही चेंडू गोळीसारखा सुटायचा आणि रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, डोक्यावरून जायचा. २०१८ मध्ये ५२.८ टक्के पास पूर्ण, २०१९ मध्ये ५८.८, आणि २०२० मध्ये थेट ६९.२! सीझन संपला की तो क्वार्टरबॅकना शिकवणाऱ्या जॉर्डन पामरकडे सरावाला जायचा. काम हातापेक्षा पाय आणि कमरेवर झालं. पुढचं पाऊल फार लांब पडलं की वजन मागे राहतं आणि चेंडू वर निसटतो. आधी कंबर वळली पाहिजे, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. ताई, कोच चांगला असेल तर बिनधास्त हो म्हणा.

विनय_ह्यूस्टन
सगळं श्रेय सरावाला कसं देता? २०२० मध्येच बफेलोकडे स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आला आणि त्याने १२७ झेल घेतले, लीगमध्ये सर्वाधिक. शिवाय ऑफेन्सचा कोच ब्रायन डेबोल ॲलनच्या पहिल्या वर्षापासून तिथेच होता, म्हणजे प्लेबुक (ठरलेल्या चाली) तेच राहिलं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्ड तिसरा निवडला गेला, ॲलन सातवा. त्याला घेणाऱ्या जेट्स टीमने तीन वर्षांत सोडलं. तोच २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ सामने जिंकून देतो. टीम बघा आधी.

बफेलोकर
डिग्ज २०२४ मध्ये तुमच्याच ह्यूस्टनला गेला ना? त्याच सीझनला ॲलन एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

विनय_ह्यूस्टन
तोवर ॲलन तयार झाला होता. मी घडणीच्या काळाबद्दल बोलतोय.

मंजिरी_एस
थ्रो मुळापासून बदलायला माझा विरोध. क्वार्टरबॅक टिम टिबोचा लांबलचक वाइंडअप (फेकण्याआधी हात मागे नेणं) २०१० च्या ड्राफ्टआधी आखूड करायचा केवढा खटाटोप झाला. अंगावर डिफेन्स आला की हात जुन्याच वाटेने जायचा. उलट फिलिप रिव्हर्स हा क्वार्टरबॅक कायम खांद्याजवळून ढकलल्यासारखा फेकायचा, आणि तसाच ६०,००० यार्डांच्या पुढे गेला.

सुलभा_ताई
मुलांना या खेळात घालूच नये. डोक्याला मार बसतो. माझ्या पुतण्याला टेनिसमुळे कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली.

ऋता_न्यूजर्सी
मी टेनिसचं विचारलेलं नाही हो. मुलगा १५ वर्षांचा आहे. लांबचे पास उत्तम जातात, जवळचे डोक्यावरून. सरावात सगळं ठीक, मॅचमध्येच बिघडतं. आता सांगा, हो म्हणू की नको?

पराग_के
मॅचमध्येच बिघडतं, ही मुख्य गोष्ट आहे. म्हणजे हाताला येतंय, पण समोरून लोक धावून आले की पाय विस्कटतात, किंवा कुठे टाकायचं हे उशिरा कळतं. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सलाही कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये, त्याच्या पहिल्या वर्षी, जवळजवळ पूर्ण सीझन अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे राखीव बसवलं. तिथे डिफेन्स कसा वाचायचा, आठवड्याची तयारी कशी करायची हे जवळून पाहायला मिळालं. पुढच्या वर्षी ५० टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास. मुलाचा मॅचमधला व्हिडिओ बाजूने काढा, फक्त पाय दिसले तरी चालेल.

बफेलोकर
पायांचंच तर मी सांगत होतो.

मंजिरी_एस
ऋता, फेकल्यावर खांदा किंवा कोपर दुखतं का त्याचं?

ऋता_न्यूजर्सी
खांदा नाही. कोपर आतल्या बाजूला दुखतं म्हणतो, बर्फ लावतो. त्याचा काय संबंध?

मंजिरी_एस
या वयात कोपराच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली असेलच असं नाही. शनिवारचं उत्तर पुढे ढकल. आधी स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखव, आणि तोवर थ्रो बंद. शाळेत दुखापती बघणाऱ्या ट्रेनरलाही आजच कळव.