वजन उतरवायचंय, पण धावणं सुटायला नको. काय खाऊ, काय सोडू?

कपाशीकडचा: नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातला आहे. वय 29, उंची 5 फूट 6 इंच, वजन 82 होतं. थंडीत स्पर्धांचा मोसम लागतो, त्यात 21 किलोमीटर धावायचंय. हाताशी साडेतीन महिने आहेत. तीन आठवडे झाले, रात्रीचं जेवण बंद. सकाळी उपाशीपोटी 7 किलोमीटर, अंगात फवारणीचा रेनकोट. मित्र म्हणे, घाम जास्त तर चरबी जास्त. 4 किलो उतरले, पण परवा नाल्याच्या पुलाजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्यावर बसून राहिलो, शेवटी दूधवाल्यानं घरी सोडलं. पोटऱ्या तर दगड होतात. आई म्हणते, "काहून जीव देऊन राह्यला बापा?"

वणीकर मास्तर: आधी तो रेनकोट काढ भाऊ. घाम म्हणजे पाणी, दोन तांबे प्यायलास की वजन जाग्यावर. चरबीचा हिशेब वेगळा. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी. तुझ्या वजनाचा माणूस एक किलोमीटर धावला की 80 च्या आसपास खर्च होतात, म्हणजे रोजचे साडेपाचशे. 4 किलो निव्वळ चरबी तीन आठवड्यांत जायची तर रोज दीड हजाराची तूट पाहिजे. तेवढी चरबी गेलेली नाही, पाणी अन् स्नायूही गेलेत. 300-400 ची तूट ठेव. डिसेंबरपर्यंत 5 किलो उतरले तरी लय झाले.

उमरेडचा पाटील: मी तालुक्याच्या एका दुकानातून चरबी जाळायची पावडर आणली होती. 1800 रुपये गेले, झोप गेली, छातीत धडधड. वजन तेवढंच. डब्यात आता भेंडीचं बी ठेवतो.

जवसाची चटणी: भाकर सोडू नका, धावायला तीच लागते. सोडायचं ते दुसरंच. आमच्या घरी चार माणसांना महिन्याला 5 लिटर तेल लागायचं. भागाकार केला तर माणशी रोज 40 मिलीच्या वर, म्हणजे 300 हून जास्त कॅलरी नुसत्या तेलाच्या! तर्री अर्धी केली, चहा पाचावरून दोनावर आणला, बाकी काही केलं नाही.

धावायच्या आधी एक केळं, आल्यावर भाकर अन् दोन अंडी. अंडी चालत नसतील तर सोयाबीनच्या वड्या. 50 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिनं. आपण सोयाबीन पिकवतो अन् खायला नाक मुरडतो. वरणाच्या भरवशावर राहू नका, आपलं वरण म्हणजे निम्मं पाणी. अन् बायांनो, सराव वाढल्यावर पाळी चुकायला लागली तर ते खाणं कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरला दाखवा.

आरोग्यसेविका: वजनाचं नंतर बघा. अंधारी आणि पोटऱ्या दगड, हे वाचून विचारते, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, तपासलंय का? विदर्भात वाहक बरेच आहेत. एएस वाहकाला, म्हणजे ज्याला आई किंवा बाप एकाकडूनच हा दोष आलाय त्याला, एरवी काही त्रास जाणवत नाही, पण उकाड्यात, पाणी कमी असताना, एकदम जोर लावला तर स्नायूंना मोठी इजा होऊ शकते. म्हणून वाहकानं धावायचंच नाही असं नाही. सराव हळूहळू वाढवायचा, पाणी तोडायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. सोबत हिमोग्लोबिनही बघून घ्या. तोवर धावणं बंद, चाला. लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि फवारणीच्या दिवशी धावू नका, अन् तो फवारणीचा रेनकोट तर कधीच नको, औषध अंगात मुरतं.

कपाशीकडचा: जाऊन आलो. सिकलसेल नाही, हिमोग्लोबिन 11.8. डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या, दोन आठवडे फक्त चालायला सांगितलं. रेनकोट खुंटीवर. रात्री एक भाकर अन् घट्ट वरण सुरू केलं. दीड किलो परत आलं, आई खुश. एकच विचारतो, पोळ्याला पुरणपोळी?

जवसाची चटणी: तीन खा, तूप घेऊन. तान्ह्या पोळ्यालाही काट्यावर चढू नका.

वणीकर मास्तर: अन् बैल धुवायला तूच जा. चालणं आपोआप होते.