कोलोन ट्रिप: त्याला काउंटर-स्ट्राइक, मला खाणं, चार दिवसांत दोन्ही कसं बसवू?

मीठभाकर
लग्नाला दहा वर्षं होतायत म्हणून यंदा नवऱ्याचं जुनं स्वप्न पुरं करायचं ठरवलंय, जर्मनीत कोलोनला लँक्सेस अरीनात आयईएम, म्हणजे काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या व्हिडिओ गेमची मोठी स्पर्धा बघायची. कॉलेजात सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळायचा तेव्हापासून त्याच्या डोक्यात आहे ती. मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण शेजारी बसून नीट समजून बघायचंय. माझी हौस म्हणजे ज्या गावाला जाऊ तिथलंच खायचं. अंडं चालतं, मांस-मासे नाही. शुक्रवार ते रविवार तिन्ही दिवस अरीनात बसावं का? आणि जर्मनीत सॉसेज सोडून मला काय मिळेल?

हेडशॉट_पुणेकर
आम्ही दोघं जाऊन आलोय. ताई, शुक्रवारी त्याला एकट्याला जाऊ द्या, तुम्ही गाव फिरा, शनिवार-रविवार मात्र दोघं बसा. शनिवारी सेमीफायनल, रविवारी फायनल, ती बेस्ट ऑफ फाइव्ह असते, म्हणजे पाचपैकी तीन मॅप (एकेक डाव) जिंकेल ती टीम, २०२२ ला फेझ आणि नावी या टीम्सची पाचव्या मॅपपर्यंत गेली होती.
जाण्याआधी एवढंच समजून घ्या: पाच विरुद्ध पाच, एक टीम बॉम्ब लावायला बघते, दुसरी अडवते, लावला की फुटायला ४० सेकंद, आणि १३ राउंड आधी जिंकेल त्याचा मॅप. खरी गंमत गेममधल्या पैशात आहे. राउंड हरत गेलं की चांगल्या बंदुका घ्यायला पैसे उरत नाहीत, मग कधीकधी नुसत्या पिस्तुलावर खेळतात आणि तसा राउंड जिंकला ना, की अख्खं अरीना उभं राहतं, माझ्या बायकोला पहिल्यांदा काटा आला तो तिथेच. मोठी बॅग नेऊ नका, आत सोडत नाहीत.

ऱ्हाईनकाठ
मी बॉनला राहतो, कोलोन अर्ध्या तासावर. अरीना नदीपलीकडे डॉइट्झला आहे, कथेड्रलपासून होहेनत्सोलर्न पुलावरून चालतच जा, कठड्याला जोडप्यांनी लावलेली हजारो कुलुपं दिसतील.
खाण्याचं सांगतो. मेनूवर 'हाल्व्हर हान' दिसेल, शब्दशः अर्धा कोंबडा, म्हणून शाकाहारी लोक सोडून देतात, पण तो राय नावाच्या धान्याच्या पिठाचा पाव असतो, त्यावर जाड गौडा चीज, मोहरी आणि कांदा. कोंबडीचा संबंध नाही, बिनधास्त मागवा! दुसरं रायबेकुखेन, किसलेल्या बटाट्याचे तळलेले वडे, बाहेरून कुरकुरीत, सोबत सफरचंदाची गोड चटणी, ऐकायला विचित्र वाटतं पण खाऊन बघा. 'हिमेल उन एअर्ड' मात्र नको, नाव छान आहे, स्वर्ग आणि पृथ्वी म्हणजे सफरचंद आणि बटाटा, पण वर रक्ताचं सॉसेज असतं. नवऱ्यासाठी साउअरब्राटन, व्हिनेगरच्या आंबट मसाल्यात मुरवलेलं मांस.
बियर कोल्श, ०.२ लिटरच्या उंच ग्लासात. वेटरला कोबेस म्हणतात, ग्लास रिकामा झाला की न विचारता भरलेला ठेवतो आणि कोस्टरवर, म्हणजे ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर, रेघ मारतो, बिल त्या रेघांवरून. नको असेल तर कोस्टर ग्लासवर ठेवायचा. तो जरा खडूस बोलतो, मनावर घेऊ नका, तिथली रीतच आहे.

शेंगदाणा_चटणी
स्टेशनपासून चालत वायडनगासे गाठा, तिथं तुर्की हॉटेलं आहेत, मसुराचं सूप लिंबू पिळून मिळतं, माझं तर दोन वेळचं जेवण तेच होतं. मटणाचा रस्सा नाही ना हे आधी विचारा. आणि रविवारी दुकानं बंद असतात, फळं-दही शनिवारीच घेऊन ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, तिकीट काढलं की लगेच अपॉइंटमेंट बघा, उन्हाळ्यात मिळता मिळत नाही.

मीठभाकर
सगळ्यांचे मनापासून आभार! शुक्रवार माझा, शनिवार-रविवार दोघांचा, पक्कं. काल रात्री नवऱ्यासोबत जुनी मॅच लावून बसले, पिस्तुलवाला राउंड आला तेव्हा मीच आधी ओरडले, तो बघतच राहिला. @ऱ्हाईनकाठ रायबेकुखेनमध्ये अंडं असतं ना? माझ्या सासूबाईंना घरी करून खाऊ घालायचेत, त्यांना चालत नाही.

ऱ्हाईनकाठ
बहुतेक ठिकाणी असतं. घरी थोडं कॉर्नफ्लोअर घाला आणि किसलेला बटाटा फडक्यात घट्ट पिळून घ्या, वडे सुटत नाहीत.